भरतीरेषेवरची मर्यादवेल

भरतीची शेवटची लाट जिथून मागे फिरते, तिथून वर दहा-वीस पावलांचा एक पट्टा असतो. त्याच्या खालच्या ओल्या वाळूवर लाटांची सत्ता, वरच्या झाडीवर मातीची. मधला पट्टा कुणाचाच नाही असं धरून आपण तिथे गाड्या उभ्या करतो, खुर्च्या मांडतो, भिंती बांधतो. मला मात्र कुठल्याही किनाऱ्यावर पोहोचलं की पाण्याच्या आधी हा पट्टा बघायची सवय लागली आहे. ती लावली मर्यादवेलीनं.

रोपाच्या बाजूनं पाहिलं तर इतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही. दुपारी वाळूचा वरचा थर 50 अंश सेल्सियसच्या पुढे तापतो. पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, झिरपून खाली निघून जातं. वाऱ्याबरोबर आलेले खारे तुषार पानांवर वाळतात आणि मीठ मागे ठेवतात. पोषण म्हणावं तर लाटांनी वर फेकलेलं शेवाळ आणि कुजका पाचोळा. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे जमीन जागेवर राहत नाही. आज जिथे मूळ धरलं, तिथे उद्या वीतभर वाळू चढलेली असते, किंवा होती तीही उडून गेलेली असते.

मर्यादवेल अशा जागी आडवी वाढते. खोड वाळूवर सरपटत जातं आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतं. एकेक धुमारा 30 मीटरपर्यंत लांबू शकतो. वरच्या बाजूला कुठेतरी तिचं जाड, खोल गेलेलं मूळ असतं आणि तिथून हे धुमारे समुद्राच्या रोखानं निघालेले दिसतात. मोठी भरती आली की शेंडे तुटतात, खाऱ्या पाण्यानं करपतात. पाणी मागे गेलं की मागच्या पेऱ्यांतून नवे शेंडे फुटतात आणि पुन्हा खाली उतरायला लागतात. आधार जितका पुढे सरकला तितकीच पुढची वाट, असा तिचा हिशोब. पुढचं पेर उखडलं तरी मागचं धरून असतं.

पान जाड, चिवट, टोकाशी खाच पडून दोन पाळ्यांचं झालेलं, पाहताक्षणी आपट्याची आठवण करून देणारं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसला त्यात शेळीचा खूर दिसला आणि 1753 मध्ये त्यानं 'पेस-काप्रे' असं नाव दिलं. पुढे 1818 मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञानं तिला आयपोमिया या प्रजातीत घातलं, आणि आयपोमिया पेस-काप्रे हे नाव तेव्हापासून टिकलं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की ही पानं मधल्या शिरेवर अर्धवट मिटून उभी राहतात, म्हणजे उन्हाचा मारा कमी जागेवर बसतो. एखादं पान खुडलं तर पांढरा चीक येतो.

वाळूत गाडलं जाणं बहुतेक रोपांना मारून टाकतं. ही वेल गाडली गेली की उलट वाढीला लागते. पानांच्या आणि खोडांच्या जाळीत वारा मंदावतो, त्याच्या हातातली वाळू तिथेच पडते, वेल झाकली जाते, मग ती वाळूतून वर येऊन पुन्हा पसरते, पुन्हा वाळू अडते. अशा कित्येक थरांनी आधी एक बुटका उंचवटा तयार होतो आणि परिस्थिती जुळली तर त्याचीच पुढे टेकडी होते. किनाऱ्यावरची वाळूची टेकडी वाऱ्यानं घातली असं आपण म्हणतो, पण वाऱ्याला वाळू टाकायला कुणीतरी लावावं लागतं. टेकडीचा काप उघडा पडला असेल तर आत जुनी, काळपटलेली खोडं एकाखाली एक दिसतात. मला तो काप वाचत उभं राहायला फार आवडतं. प्रत्येक थराशी वेल एकदा पुरली गेली होती आणि एकदा वर आली होती.

आता नात्याविषयी. रताळं म्हणजे आयपोमिया बटाटास. दोघी एकाच प्रजातीतल्या, आणि फूल पाहिलं की कुणाला सांगावं लागत नाही: तोच कर्ण्याचा आकार, तोच जांभळट गुलाबी रंग, घशाशी गडद झालेला. पण नातं सख्खं नाही. रताळ्याची सर्वांत जवळची रानटी नातलग अमेरिकेतली आयपोमिया ट्रायफिडा ही वेल मानतात. मर्यादवेल त्या मानानं लांबची चुलत बहीण. तिच्या पेशीत 30 गुणसूत्रं असतात, रताळ्याच्या पेशीत 90. रताळ्यानं आपली कमाई मुळात साठवली आणि त्या साठ्यापायी माणसाच्या हाती लागलं. माणसानं त्याला शेतात आणलं, मुळं फुगवून घेतली, वेलाचे तुकडे लावून वाढवलं, आणि बी धरण्याचं काम त्याच्यासाठी जवळजवळ बिनगरजेचं करून टाकलं. मर्यादवेलीनं जमिनीत तसा खाण्याजोगा साठा केला नाही. मिळेल ते सगळं धावण्यात आणि बियांत घातलं. म्हणून तिला आजही कुणी पेरत नाही, कुणी काढत नाही, आणि तिचा प्रवास अजून समुद्राच्याच हवाली आहे.

नातं लांबचं असलं तरी शत्रू ते ओळखून आहे. रताळ्यात बोगदे पाडून ते कडू करून टाकणारा सोंड्या भुंगेरा, सायलास फॉर्मिकेरियस, मर्यादवेलीवरही जगतो. शेतातली रताळी काढून टाकली तरी किनाऱ्यावर त्याचं बिऱ्हाड चालूच. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटांमधल्या कुमे बेटावर हा किडा मुळापासून संपवायचा असं ठरलं, तेव्हा नुसती शेतं तपासून भागणार नव्हतं. किनाऱ्यावरच्या रानवेलीही तपासाव्या लागल्या. किरणांनी वांझ केलेले भुंगेरे वर्षानुवर्षं सोडल्यावर 2013 मध्ये ते बेट या किड्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. ओकिनावाहून जपानच्या मुख्य भूमीकडे कच्चं रताळं नेता येत नाही, आणि त्याच बंदीच्या यादीत मर्यादवेलही आहे. विमानतळावर सामानात वेलीचा तुकडा सापडला तर तो काढून घेतात. त्याच वेळी उत्तरेकडे जाणाऱ्या कुरोशिओ या समुद्रप्रवाहात तिच्या बिया बिनदिक्कत निघालेल्या असतात. किडा खोडातून आणि मुळातून पसरतो, त्यामुळे बंदी रास्तच आहे. पण ज्या वेलीला आपण दारात अडवतो तिच्यासाठी अख्खा समुद्र उघडा आहे, हे मला विलक्षण वाटतं.

त्या बियांकडे येण्याआधी फुलाचं सांगायला हवं. फूल पहाटे उमलतं, दुपार कलता कलता मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरं असतं. मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे सकाळीच येऊन जातात. देखणी गोष्ट आहे, पण या देखणेपणामागे एक अडचण लपलेली आहे. मेक्सिकोच्या आखाताभोवतीच्या किनाऱ्यांवर झालेला एक अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ही वेल स्वतःच्या परागानं बी धरत नाही. आता तिची वाढण्याची रीत आठवा. एकच रोप धुमारे टाकत टाकत किनाऱ्याचा मोठा तुकडा व्यापतं. डोळ्यांसमोर शेकडो फुलं असतात, आणि ती सगळी एकाच रोपाची असू शकतात, म्हणजे एकमेकांच्या काहीच कामाची नाहीत. भुंग्याला दुसऱ्या वेलीवरून यावं लागतं. म्हणून फुलांनी मढलेल्या पट्ट्यातही बोंडं कधी कधी मोजकीच असतात. देठाशी, पानाच्या बुडाला बारीक मधुग्रंथीही असतात. त्यांचा फुलाशी संबंध नाही. तिथे मुंग्या येतात, आणि मुंग्यांचा वावर असला की वेल कुरतडणाऱ्या किड्यांना सुखानं बसता येत नाही.

बोंडात साधारण चार बिया. सेंटिमीटरभरही नसलेल्या, तपकिरी, आखूड लवेनं झाकलेल्या. हेन्री गप्पी हा इंग्रज डॉक्टर जहाजावर नोकरी करताना सॉलोमन बेटांपर्यंत गेला आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग त्यानं तरंगणाऱ्या बियांमागे घालवला. पॅसिफिकमधल्या वनस्पतींच्या प्रसारावरचा त्याचा ग्रंथ 1906 मध्ये आला. बिया पाण्यात टाकायच्या, महिनोन्महिने वाट पाहायची, कोण बुडालं कोण तरंगलं ते लिहून ठेवायचं, असलं चिकाटीचं काम. या वेलीचं बी तरंगतं कारण कवच आतून पुरतं भरलेलं नसतं. सुरकुतलेल्या बीजदलांच्या घड्यांमध्ये पोकळी राहते, आणि त्या पोकळीतली हवा त्याला वर धरून ठेवते. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. म्हणजे समुद्रात ते रुजत नाही, हे त्याचं भाग्य. किनाऱ्यावर लागल्यावर वाळूचे कण घासून घासून कवचाला चरे पाडतात, तेव्हा कुठे पाणी आत जातं आणि कोंब येतो. जी वाळू पुढे तिला आयुष्यभर छळणार, तीच आधी दार उघडून देते.

समुद्र किती लांब नेतो याचं उत्तर 2014 मध्ये आलं. जपानी विद्यापीठांतल्या संशोधकांनी जगभरच्या किनाऱ्यांवरून या वेलीची पानं जमवून त्यांतला डीएनए ताडून पाहिला. तिची एक उपजाती मुख्यतः हिंदी महासागराभोवती आढळते आणि दुसरी, ब्राझिलिएन्सिस, जवळपास सगळ्या उष्ण कटिबंधात. या दुसरीत महासागर ओलांडूनही वेली एकमेकींशी नातं टिकवून आहेत असं दिसलं. इतक्या अंतरावरच्या वनस्पती एरवी एकमेकींपासून तुटून वेगळ्या जाती होऊन बसतात. इथे ते झालं नाही, कारण बिया अजूनही ये-जा करताहेत. कधीकाळी पसरली आणि मग स्थिरावली, अशी ही वेल नाही. तिचं पसरणं आत्ता, या क्षणीही चालू आहे.

चालू असतं तसंच ते फसतही असतं. जपानमध्ये ती दक्षिणेत स्थिरावलेली आहे, पण बिया वाहत थेट होन्शू या मुख्य बेटाच्या किनाऱ्यांवर लागतात. उन्हाळ्यात रुजतात, दोन पाळ्यांची पानं काढतात, थोडंफार सरपटतात. हिवाळा आला की मरतात. पुढच्या साली नव्या बिया लागतात. हवा तापत चालली आहे तशी ही हद्द उत्तरेला सरकत जाईल, आणि ती नेमकी केव्हा ओलांडली गेली हे सांगायला ही वेलच आधी हजर असेल. हवामानबदलाच्या बातम्यांत मला आकड्यांपेक्षा अशा खुणा जास्त पटतात.

आता क्राकाटाऊ. या वेलीची कहाणी त्याच्याशिवाय सांगूच नये असं मला वाटतं. 26 आणि 27 ऑगस्ट 1883 रोजी जावा आणि सुमात्रामधल्या सामुद्रधुनीतला हा ज्वालामुखी फुटला. बेटाचा दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला, लाटांनी 36,000 हून अधिक माणसं मारली, आणि उरलेल्या तुकड्यावर तापलेल्या राखेचे जाड थर बसले. जावावरच्या बाउटेनझॉर्गच्या वनस्पती उद्यानाचे संचालक मेल्कियोर ट्रॉइब जून 1886 मध्ये तिथे उतरले. आतल्या उतारांवर त्यांना मुख्यतः नेचे दिसले, ज्यांचे बीजाणू वाऱ्यावर आले होते. किनाऱ्यावर वेगळीच मंडळी होती. समुद्रानं आणून टाकलेल्या फळांतून आणि बियांतून उगवलेली कोवळी रोपं: उंडी आणि सुकाणू ही झाडं, आणि त्यांच्यात मर्यादवेल. तीन वर्षं पुरी व्हायच्या आतली ही गोष्ट. 1897 पर्यंत किनाऱ्यालगत तिचा सलग पट्टाच बनला होता.

या पट्ट्याला तोवर शास्त्रात नावही मिळालं होतं. आंद्रेआस शिम्पर या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञानं 1891 मध्ये इंडो-मलाय किनाऱ्यांवरच्या वनस्पतींबद्दल लिहिताना भरतीरेषेजवळच्या या पसरट हिरव्या थराला 'पेस-काप्रे' हेच नाव दिलं. पट्ट्यात आणखीही जाती असतात, काही गवतं, काही शेंगावर्गातल्या वेली. पण ओळख हिच्या नावानं.

क्राकाटाऊवर पुढे काय झालं ते मला पहिल्या आगमनाइतकंच महत्त्वाचं वाटतं. वेलीमागे सुरूची झाडं उभी राहिली, त्यांच्यामागे किनारी जंगल. सावली पडली की मर्यादवेल मागे हटते; तिला उघडं ऊन लागतं. जिथे समुद्र वाळू आणून टाकत होता तिथे ती आणखी पुढे सरकली. जिथे समुद्र किनारा खात होता तिथे वेलीचा पट्टाच नाहीसा झाला आणि जंगलाची कड थेट लाटांत कोसळू लागली. म्हणजे मागून झाडं ढकलतात, पुढून पाणी ढकलतं, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हिला जगायचं असतं. ही जागा कायम हलत राहिली तरच ती टिकते. जुन्या ज्वालामुखीच्या जागी समुद्रातून नवा सुळका वर आला, अनाक क्राकाटाऊ. 1930 पासून तो पाण्याच्या वर टिकला, आणि त्याच्या काळ्या वाळूवरही ही वेल पोहोचली. 22 डिसेंबर 2018 ला त्या सुळक्याची एक बाजू समुद्रात घसरली आणि त्या लाटेनं पुन्हा शेकडो माणसं गेली. अशा ठिकाणी वनस्पतींचा क्रम कितीदा पहिल्या ओळीपासून सुरू होत असेल.

तरंगण्याच्या या प्रश्नात रताळंही अडकलेलं आहे. मूळ अमेरिकेतलं हे पीक, पण युरोपीय जहाजं पोहोचण्याआधीच पॉलिनेशियात होतं. कुक बेटांमधल्या मंगाइयावर उत्खननात त्या आधीच्या काळातले, जळून कोळसा झालेले रताळ्याचे तुकडे मिळाले. पॉलिनेशियन खलाशी अमेरिकेला जाऊन घेऊन आले, असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि दोन्हीकडच्या काही भाषांत त्याची नावंही जुळतात. 2018 मध्ये ऑक्सफर्डच्या एका गटानं वेगळी बाजू मांडली. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या पहिल्या सफरीत, 1769 मध्ये, त्याच्याबरोबरच्या बँक्स आणि सोलांडर या निसर्ग अभ्यासकांनी सोसायटी बेटांवर वाळवून ठेवलेल्या रताळ्याचा डीएनए त्यांनी तपासला. ते रोप अमेरिकेतल्या वाणांपासून माणूस त्या समुद्रात फिरू लागण्याच्या कितीतरी आधी वेगळं झालेलं दिसतं, म्हणून त्याची बी वाहत आली असावी, असं त्यांचं म्हणणं. आधाराला त्यांनी नातलगही दाखवले: आयपोमिया लिटोरालिस आणि हवाईतली आयपोमिया ट्युबॉइडिस या वेलींचे पूर्वज अमेरिकेतून कुणी न आणता पॅसिफिकमध्ये पोहोचले आहेत. यावर आक्षेपही घेतले गेले, कारण अडीचशे वर्षं जुन्या एका नमुन्यावर एवढा भार टाकणं अनेकांना मान्य नाही.

माझा कल खलाशांकडे आहे. पण या वादानं एक गोष्ट लख्ख झाली. या कुटुंबात समुद्र ओलांडणं ही अशक्य कोटीतली कल्पना नाही, आणि मर्यादवेल ते रोज करून दाखवते. रताळं माणसानं नेलं हे सिद्ध करायला पुरावे लागतात. मर्यादवेल समुद्रानं नेली याबद्दल कुणी वाद घालत नाही.

माणसाला ती अगदीच अनोळखी नाही. थायलंडमध्ये जेलीफिशचा दंश झाला तर तिचा पाला चेचून लावत, आणि तिच्या अर्काचा जेलीफिशच्या विषावर आणि शरीरात खाज-सूज आणणाऱ्या हिस्टामिनवर परिणाम होतो असं सांगणारं टिपण 1970 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी तापवलेली पानं माशांच्या काट्यांच्या दुखापतीवर बांधत. ही नोंद इथेच पुरे, कारण औषधी म्हणून तिची ओळख करून दिली की लोक ती उपटायला लागतात.

तिला सगळ्यांचीच मैत्रीण ठरवण्याचाही मोह नको. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉइ बेटाच्या सँडी पॉइंट किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालतात. तिथल्या अभ्यासात दिसलं की घरटं वेलींच्या पट्ट्यात पडलं तर मुळं अंड्यांपर्यंत जातात, त्यांना विळखा घालतात, आणि पिल्लं कमी निघतात. हे वाचून वेलीवरची माझी माया कमी झाली नाही, पण सरसकट सगळीकडे ती लावा म्हणणं चुकीचं आहे एवढं समजलं. जिथे कासवं येतात तिथे उघडी वाळूही हवी. किनारा रुंद असेल तर दोघांना पुरून उरतो. भांडण लागतं ते मागे भिंत असते तेव्हा. समुद्र चढत येतो, वेलीला मागे सरकायचं असतं, मागे सिमेंट असतं. कासवही त्याच उरलेल्या पट्टीत येतं.

पायांचं आणि चाकांचंही तसंच. लाटांनी तुटलेला शेंडा पुन्हा फुटतो, पण रोज त्याच जागी तुडवलेलं पेर मुळं धरत नाही. किनारा स्वच्छ करणारी यंत्रं कचऱ्याबरोबर वाळलेलं शेवाळ नेतात, जे या पट्ट्याचं मुख्य खत आहे, आणि कोवळे धुमारेही ओरबाडून नेतात. मग वाळू मोकळी होते, वाऱ्यावर उडते, रस्त्यावर येते, आणि ती अडवायला पुन्हा भिंत मागितली जाते.

वेल परत आणणं मात्र अवघड नाही, आणि इथे ती रताळ्याची बहीण असल्याचं पुरेपूर कळतं. रताळ्याची लावणी जशी वेलाच्या तुकड्यांनी होते तशीच हिचीही करता येते. जवळच्याच किनाऱ्यावरच्या निरोगी वेलीचे तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्यायचे, पावसाच्या दिवसांत निम्मी पेरी ओल्या वाळूत आडवी पुरायची, शेंडा वर ठेवायचा. जागा भरतीरेषेच्या बरीच वर निवडायची. खाली ती आपली आपण उतरते. आणि त्या तुकड्याभोवती दोर बांधून लोकांसाठी जाण्या-येण्याची एकच वाट ठेवायची.